कागदावरचे चार मजले

३ फेब्रुवारी, मंगळवार

सभागृह हललं! अगदी शेवटच्या रांगेपर्यंत! खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे होते. घसा पार बसलाय. बसू दे.

मी बोलले ते असं – या शहरात चारशे बारा व्यापारी इमारती. प्रत्येकीची वर्षभराची वीज घ्या, तिच्या क्षेत्रफळाने भागा. दर चौरस मीटरला इतके युनिट. एक आकडा! त्याला ना ओळखपाळख, ना वशिला. तो आकडा दारावर लावा. माणसाला काट्यावर उभं राहायची लाज वाटते, तर इमारतीला का वाटू नये?

मग आकडे वाचत गेले. एकशे चाळीस. एकशे साठ – म्हणजे मधली, धड बरी ना धड वाईट. एकशे नव्वद. आणि थांबले. कुठे थांबायचं ते मला कळतं. "आणि पुलाजवळची ही साधी चार मजली इमारत – दोनशे एकतीस! सरकते जिने नाहीत, काचेच्या भिंती नाहीत, गारेगार दालनं नाहीत. मग हिच्या पोटात जातंय काय? ही इमारत नाही, हा खादाड आहे!"

हशा. टाळ्या. परत हशा.

आता वीस तारखेची सुनावणी, पालिकेच्या वीज समितीपुढे. यादीतल्या सगळ्यात वाईट दहा इमारतींची वीज सुधारणा होईपर्यंत निम्म्यावर आणायची, असा प्रस्ताव. दहा वर्षं घासले मी यासाठी! बिल्डरांचा वकील बाहेर भेटला. हसून म्हणाला, "बाई, तुमच्या यादीत मला एक चूक सापडू दे. एकच. मग बघा." म्हटलं, शोधा की! चष्मा हवा तर माझा न्या.

वन्सं आल्या होत्या, दुसऱ्या रांगेत. घरी आल्यावर म्हणाल्या, "छान बोललीस. हात वर केलास की बाही खांद्यातून ओढते. काढून ठेव, उसवून देते."

४ फेब्रुवारी, बुधवार

पेपरात पहिल्या पानावर मथळा – 'खादाड'. ह्यांनी मोठ्याने वाचला आणि भात मागे सारला. "नको बाई. उद्या माझाही आकडा काढशील आणि दारावर लावशील." म्हटलं, तुमचा काढायला भागाकार लागत नाही, नुसतं बघितलं तरी कळतो.

वन्सं हसल्या नाहीत. एरवी ह्यांची खोडी काढली की आधी त्या हसतात. सख्ख्या बहिणीचं हसू!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

एक पत्र आलं. जाड शाईच्या पेनाने, पाटीवर लिहिल्यासारखं मोठं अक्षर. लिहिणारा त्या पुलाजवळच्या इमारतीतला तळमजल्यावरचा चष्मेवाला, भाडेकरूंचा सचिव. चारच ओळी. "फाटकावर कोणीतरी खडूने खादाड लिहिले. आम्ही पुसले. परत लिहिले. बाई, आपण आमची इमारत पाहिली आहे काय? एकदा यावे."

पाहिली आहे काय! चारशे बारा इमारती पाहत बसायचं?

हे मी समितीतच दोन वर्षांपूर्वी टेबलावर हात आपटून म्हटलं होतं. तेव्हाचे जुने अभियंते म्हणत होते, आधी प्रत्येक ठिकाणी जाऊन मोजणी करू. मी म्हटलं, मोजणी हा दिरंगाईचा सभ्य शब्द आहे! बिलं आहेत, नोंदणीच्या कागदावर क्षेत्रफळ आहे. भागा आणि मोकळे व्हा. माझंच चाललं. माझंच चालतं.

तरी जाईन सोमवारी. सुनावणीआधी मीटरचा एक फोटो लागेलच.

९ फेब्रुवारी, सोमवार

नीट, क्रमाने लिहिते.

समोरच्या फुटपाथवर उभी राहिले, इमारत पूर्ण फोटोत यावी म्हणून. कॅमेऱ्यात मावेना. मागे सरकले. तरी मावेना. मग सवयीने खिडक्यांच्या रांगा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. पाच. सहा.

परत मोजल्या. सहा!

चष्मेवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून माझ्याकडेच बघत होता. साठीचा, बारीक, स्वतःला चष्मा नाही. म्हणाला, "बाई, तुम्ही बोललात झकास. फक्त वर बघायचं राहिलं."

मग त्यानेच सांगितलं – मालकाने वरचे दोन मजले नंतर चढवले. परवानगी नाही, नोंद नाही. कागदावर चार मजले, दोन हजार चौरस मीटर. प्रत्यक्षात सहा, तीन हजार. वीज मात्र सहाही मजल्यांची एकाच मीटरमधून. मी सहा मजल्यांची वीज चार मजल्यांनी भागली!

तिथेच, त्याच्या काउंटरवर, चष्म्याच्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित केलं. वर्षाचे चार लाख बासष्ट हजार युनिट. भागिले तीन हजार. एकशे चोपन्न.

एकशे चोपन्न. मधल्या इमारतीहूनही बरी. जिला मी शहरासमोर उघडी पाडली, ती निम्म्या शहराहून कमी खाते.

"मग हे आधी का नाही सांगितलंत? अर्ज का नाही केलात?" मी ओरडलेच.

"काय अर्ज करू? आमचे दोन मजले बेकायदा आहेत, कृपया मोजून घ्या?" तो म्हणाला. "वर या."

जिना एकच. चौथ्यानंतर इतका अरुंद की उतरणारी बाई भिंतीला चिकटून उभी राहिली तेव्हा मी चढले. कठड्याला वायरी सुतळीने बांधलेल्या. पाचव्यावर कापडाचे गठ्ठे आणि वाफेच्या इस्त्र्या. सहाव्यावर शिलाई. चाळीस मशीन, चाळीस बायका, सगळ्या एकदम थांबल्या.

तिसऱ्या रांगेत, नाकावर चष्मा घसरलेल्या, दातात दोरा धरलेल्या – वन्सं.

दोरा तोडून म्हणाल्या, "अगं तू? चहा घेशील?"

१० फेब्रुवारी, मंगळवार

वन्सं आठ महिन्यांपासून तिथे आहेत. मला माहीत होतं की त्यांनी कारखाना बदलला. कुठला ते माहीत नव्हतं. एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात! दोन बस बदलून जातात हेही काल कळलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

भाजी निवडताना विचारलं. "वन्सं, सांगितलं का नाहीत?"

"विचारलंस कधी? तू दारातून येतेस ती बोलतच येतेस."

"पण त्या दिवशी सभागृहात! मी तुमच्या इमारतीला – तुम्ही समोर बसला होतात –"

"हो."

"हसलात?"

देठ मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेजारची हसली. मग मीही हसले. सगळे हसताना एकटीने कसं बसायचं?"

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला पहिल्यांदा 'बोल गं, तू छान बोलतेस' म्हणणारी हीच बाई. सासूबाई कपाळाला हात लावायच्या, आणि ही माझी टिपणं तेलाचे हात पुसून वाचायची.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चष्मेवाला भेटायला आला. सोबत कोणी नाही. पाणी प्यायला, पेला नीट ठेवला, मग बोलला.

त्याचं म्हणणं असं. यादी तशीच राहिली तर वीज निम्म्यावर येईल, पहिल्यांदा इस्त्र्या बंद, म्हणजे शिलाई बंद, म्हणजे चाळीस बायका घरी. खरं क्षेत्रफळ सांगितलं तर वरच्या मजल्यांना सील, चाळीस बायका घरीच. "दोन्हीकडून आम्हीच. म्हणून बाई, तिसरं काहीतरी बोला. मीटर बिघडलेला होता म्हणा. आम्ही नवा बसवतो, वर्षभर परत मोजा. तेवढ्यात दुसरी जागा बघतो. तुमच्या शब्दावर कोण संशय घेणार?"

मी म्हटलं, मी खोटं बोलत नाही.

तो म्हणाला, "चार मजले म्हणालात, ते काय होतं?"

१४ फेब्रुवारी, शनिवार

चीड! कुणावर? मालकावर – जो दोन मजले चढवून परदेशी जाऊन बसला. समितीवर. चष्मेवाल्यावर. फिरून फिरून स्वतःवर.

इतिहासात सगळ्या मोठ्या वक्त्यांचं वाचलंय मी. कोणी तोंडात खडे धरून सराव केला, कोणी समुद्रासमोर. बोलायच्या आधी जाऊन बघावं, याचा सराव कोणी केल्याचं आठवत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

एक गोष्ट लिहायलाच हवी, निदान इथे. मीटरची थाप फक्त त्या बायकांना वाचवत नाही. मलाही वाचवते! मीटर बिघडला तर दोष यंत्राचा. मजले चुकले तर दोष माझा, माझ्या पद्धतीचा, आणि मग वकिलाला हवी ती एक चूक मिळाली. तो विचारणार – उरलेल्या चारशे अकरांचे मजले कोणी मोजले? कोणीच नाही. यादी कोसळेल. दहा वर्षं कोसळतील. जी खरोखर वीज ओरपतात ती काचेची धुडं सुटतील!

म्हणजे खोटं बोलावं ते वन्संसाठी, कायद्यासाठी, चाळीस बायकांसाठी. इतकी चांगली कारणं एकाच बाजूला जमली की मला भीती वाटते. समोरच्या माणसाने अशी कारणं मांडली असती तर मी त्याला मंचावरून सोलून काढला असता.

आणि तो जिना. त्याबद्दल मी चष्मेवाल्याकडे चकार शब्द काढला नाही. गप्प राहिले तर चाळीसजणी आणखी एक वर्ष त्याच जिन्याने, त्याच वायरींच्या कडेने.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काही नाही. दिवसभर डोकं दुखलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

समितीला कळवलं – 'पुलाजवळील इमारतीच्या मीटरबाबत निवेदन करायचे आहे.' सही केली. माझी सही नेहमी कागद फाटेल इतकी दाबून होते. आज शाईसुद्धा नीट उमटली नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी मागच्या खोलीत सराव केला. मोठ्याने, नेहमीसारखा. 'सदर मीटरमध्ये दोष आढळला असून...' तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा चांगलं जमलं. आवाजात थोडा संतापही आणला, म्हणजे पटेल. पटवणं मला येतंच. मेली हीच तर विद्या!

पाणी प्यायला बाहेर आले तर वन्सं दाराशी इस्त्रीचे कपडे मांडून उभ्या. आज अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती म्हणे. इस्त्री आडवी न ठेवता उभी ठेवलेली, म्हणजे बराच वेळ थांबून ऐकत होत्या.

"किती वाजता आहे परवा?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"बरं."

नंतर ताटं घेताना, माझ्याकडे न बघता – "माझ्यासाठी कोणी काही करावं, असं मी कधी म्हटलंय का गं?"

"नाही वन्सं."

"मग."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वन्सं आज तासभर उशिरा आल्या. नखांत काळं वंगण, पदराला जळमटं. पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी मागितली. ह्यांनी विचारलं, "ताई, कुठे गवंडीकाम धरलंस की काय?" "हो रे, तुझ्या बायकोचं घर बांधतेय," म्हणाल्या आणि पडून राहिल्या.

मी विचारलं नाही. उद्याचं वाक्य तोंडात घोळत होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "हं बाई, मीटरचं काय?" "त्या इमारतीच्या मीटरमध्ये –" इतकं बोलले, तोच मागे खुर्ची सरकली.

वन्सं. हातात पिशवी. "मीटर चांगला आहे. मजले सहा आहेत, चार नाहीत. मी सहाव्यावर शिवते. जिना एकच आहे." बसल्या.

सील लागलं तर आत अडकू नयेत म्हणून काल सगळ्याजणींनी मिळून चाळीसही मशीन खाली उतरवली होती. चष्म्याच्या दुकानात, बोळात, मिळेल तिथे. चाळीसजणींनी बसून ठरवलं होतं. मला सोडून सगळ्यांना ठाऊक.

अध्यक्षांनी मला विचारलं, "खरं आहे हे?" मी म्हटलं, "खरं आहे. मला नऊ तारखेपासून माहीत आहे. यादी मी न बघता केली." याहून लहान भाषण मी आयुष्यात केलं नाही. वकील उठला. त्याला उठायचा हक्कच होता. यादी रद्द. दुपारी वरच्या दोन मजल्यांना सील.

बसथांब्यावर वन्संना म्हटलं, चारशे बारा परत मोजायच्या, प्रत्येकीच्या दारात जाऊन, समिती सोबत नसली तरी, एकटीने.

"एकटीने कशाला?" वन्सं म्हणाल्या. "सोमवारपासून मला तरी कुठे जायचंय."