चिकाच्या बावीस बाटल्या

कोल्हापूर, गुरुवार

ती. धैर्यशीलदाजी यांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतो म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे, मानून घ्यावा.) आमच्या घरात गेले अकरा दिवस बर्फ नाही, हे आपणांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो. फ्रीज आहे, वीज आहे, पाणीही एक दिवसाआड येतं. पण आपल्या कन्येने फ्रीजरला कुलूप ठोकलं आहे आणि किल्ली गळ्यात घातली आहे. मामाच्या घरात मामाच सरबत कोमट पितो. असो. आपली तब्येत, आक्काची कंबर आणि यंदाचं भात, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. फोनच केला असता. पण आपण फोन स्पीकरवर टाकून गोठ्यात बोलता, आणि ही बाब म्हशींसमोर निघू नये असं मला वाटतं.

राजनंदिनी पीएचडीसाठी आमच्याकडे राहायला आली तेव्हापासून ‘जागतिक संकट’ हा शब्द मी रोज भाकरीबरोबर ऐकतो. माझी समजूत अशी की जागतिक संकटं परदेशात होतात आणि आपल्याकडे पेपरातून येतात. हे मात्र आपल्या गोठ्यातच बसलेलं निघालं. व्यायच्या आधी म्हैस आटवताना, म्हणजे दूध बंद करताना, सडात औषधाची नळी भरतात ना, ती औषधं जिथंतिथं, जशी हाताला लागतील तशी वापरून जंतू निर्ढावतात आणि मग माणसाच्या औषधालाही दाद देत नाहीत म्हणे. म्हैस व्याल्यावरच्या पहिल्या चिकात असे किती जंतू सापडतात, हे ती मोजते. (पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवस खाऊन उरलेल्या पाहुण्यांसाठी जपून ठेवणारा माणूस तिच्या शास्त्रात म्हशीपेक्षा धोक्याचा धरतात. असा एक ड्रॉवर आमच्या घरात होता. तिने तो रिकामा केला.)

चार महिने ही पोरगी गगनबावड्यापासून गारगोटीपर्यंत, म्हैस व्याल्याचा निरोप आला की एसटी पकडून धावली आणि बावीस म्हशींचा चीक जमवला. कॉलेजातला मोठा फ्रीजर बिघडला म्हणून त्या बाटल्या दोन दिवसांसाठी आमच्याकडे ठेवून ती पुण्याला परिषदेला गेली. ‘हात लावू नका’ एवढं सांगायचं राहिलं. (शिकलेल्या माणसांना नेमकं तेवढंच सांगायचं सुचत नाही.) प्रत्येक बाटलीवर म्हशीच्या मालकाचं नाव आणि गाव. आता दाजी, आपणच सांगा, बावीस घरांनी नाव घालून चीक धाडलाय असं दिसल्यावर आपल्या माणसाला काय वाटेल? आमच्या सौ. क्रांतीला गहिवरून आलं. ‘गणपतराव, पाटगाव’ हे कोण ते काही आठवेना, पण एवढ्या आठवणीनं चीक देतात म्हणजे लांबचे पाहुणे असणार. तिने गूळ किसला, वेलदोडा-जायफळ घातलं, खरवस उकडला आणि गल्लीत वाटला. बाटल्या कढत पाण्यानं धुतल्या. आणि भांडं रिकामं परत करायची आपल्यात रीत नाही म्हणून प्रत्येकीत दोन-दोन चमचे साखर भरून, गाववार ओळीनं टेबलावर मांडल्या.

राजनंदिनी परत आली. फ्रीजर उघडला, मग टेबल बघितलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण खुर्चीवर बसून बाटलीतली साखर बघत राहिली. तेवढ्यात खालचा गुंडू सुतार वाटी परत द्यायला आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजे औषध हुतं व्हय त्यात? मग माझ्या खोकल्याला आता गोळी नको की!” तिने त्याला अर्धा तास समजावलं: उकडल्यावर जंतू मरतात, औषधाचा अंश राहू शकतो, तो म्हणजे खोकल्याची गोळी नव्हे, आणि गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यायची. गुंडूनं मान डोलावली. “पटलं. पर चव लय भारी हुती बघा.” मग ती आत गेली, दार लावलं आणि रडली. आपण घातलेली मुदत तिला पाठ आहे ना: संक्रांतीपर्यंत काम संपलं तर पुढे शिकायचं, नाहीतर गारगोटीच्या स्थळाला होकार. त्या बावीस म्हशी आता काही पुन्हा लगेच व्यायच्या नाहीत.

बाकी सर्व क्षेम. आक्काला नमस्कार.

आपला मेहुणा,
अमरसिंह

ता. क. – पत्राचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. संक्रांतीची मुदत पुढच्या संक्रांतीपर्यंत न्यावी. गारगोटीचं स्थळ चांगलं असेल तर वर्षभर टिकेल, आणि नाही टिकलं तर चांगलं नव्हतं. पोरीनं मला हे लिहायला सांगितलेलं नाही. ती माझ्याशी बोलतच नाही.

आणखी ता. क. – वर जिथं जिथं क्रांतीचं नाव आलंय तिथं माझं वाचावं. ती त्या आठवड्यात माहेरी होती. गूळ मी किसला, गहिवरून मला आलं, साखरही माझीच. तेव्हा चूक पोरीची धरू नये.

शेवटची ता. क. – काल सकाळी गगनबावड्याजवळ एक म्हैस व्याली. राजनंदिनीला स्कूटरवर घेऊन गेलो. जाताना ती गप्प होती, येताना “मामा, खड्डा” एवढं म्हणाली. मालक धार काढत होता तेव्हा बाटली तिनं धरली, मी बर्फाचा डबा उघडून उभा होतो. निघताना त्यानं किटलीभर चीक वेगळा पुढं केला. “न्या की पावणं, खरवस करा घरी.” नको म्हटलं. बाटलीवर नाव-गाव मी लिहिलं. एकवीस राहिल्या.