दरीकडली खिडकी

श्रावण वद्य ३, शके १८३०

सोडणार नाही! देवीच्या टेकडीची शपथ, त्या बळवंतरावाला सोडणार नाही.

परवा काळाकुंडच्या फलाटावर मला टाकून गाडी गेली. माझी सैल! मी काढलेली सहल, मी जमवलेली माणसं. अर्धं देवास टांग्यांत कोंबून इंदुरास मी नेलं, गाडीत मी बसवलं, पाताळपाणीचा धबधबा मी दाखवला — आणि मीच मागे राहिलो.

झालं असं. काळाकुंडास इंजिन पाणी घेत होतं. ती कातड्याची सोंड खाली येते, इंजिनाच्या पोटात जाते, आणि वरून इतकं पाणी सांडतं की खाली उभं राहून न्हावं. तिथं एक वानरीण पोराला न्हाऊ घालत होती! अगदी अक्का घालते तसं, मान धरून. मी बघत राहिलो. मग शिटी झाली. धावलो. गार्ड हिरवं निशाण घेऊन उभा, विचारतोय — "सब आ गए?" आणि बळवंतराव खिडकीतून अर्धा बाहेर, तोंडात विडा — "आ गए, आ गए, चलो!"

माझ्याकडे बघत म्हणाला. माझ्या डोळ्यांत बघत!

सगळा डबा हसला. गाडी घाट चढायला लागली. पुढलं इंजिन ओढतंय, मागलं ढकलतंय, दोन आवाज एकमेकांत मिसळत नाहीत — एरवी तो आवाज ऐकायला मी जीव टाकतो. परवा कानांत बोटं घातली.

श्रावण वद्य ५

टांगेवाला उमाशंकर चौकात सगळ्यांदेखत ओरडला — "कंई भिया, गाडी चली गई ने तू रई ग्यो!" आता पोरंही तेच ओरडतात. एका लहानग्याला तर नीट बोलताही येत नाही. "लई ग्यो, लई ग्यो" करतो.

अक्का म्हणे, "इंजिन दिसलं की तुझं डोकं गहाण. त्यात त्याचा काय दोष?" सख्खी बहीण! जेवलो नाही. म्हणजे नंतर जेवलो.

श्रावण अमावास्या

सैल गेली हातची.

तात्यांच्या ओसरीवर बैठक. तात्या म्हणजे आमच्या थोरल्या पातीतले, देवासच्या दोन राजांपैकी थोरल्याकडचे वडीलधारे, फौजेतले जुने. धाकट्या पातीकडून यशवंतराव. दोघेही आगगाडीपायी वेडे. तात्या तर इंजिनाला नमस्कार करून चढतात. बळवंतराव उठून गोड बोलला — "गणपतरावांना इंजिन दिसलं की माणसं दिसत नाहीत. अशाच्या भरवशावर बायकामुलं कशी न्यायची?" दोघांनी माना डोलावल्या. हिवाळ्यातली सैल बळवंतरावाकडे!

आणि हा कोण? धारचा. इथं बहिणीच्या घरी येऊन पडलाय. धारेत रूळ नाही, शिटी नाही, आगगाडी बघायला त्यांना महूपर्यंत बैलगाडीनं धक्के खात जावं लागतं — आणि हा आमचा आगगाडीचा पुढारी!

परत मिळवीन. पण आधी त्याची फजिती. त्याच घाटात, त्याच माणसांपुढं.

भाद्रपद शुद्ध १०

धारेला जातो. त्याचं काहीतरी काळंबेरं असणारच. खणून काढतो.

भाद्रपद वद्य ९

धारेला एक दिवस राहिलो. मग कोणी म्हणालं बाग गावाला चल, म्हणून तिकडं गेलो. तिथं कापडावर ठसे छापणारे छीपे लोक नदीत उभे राहून कापड आपटतात. लाल रंग पाण्यातून पसरत जातो, खाली म्हशी लाल होतात! त्यांच्यातच राहिलो, ठसे धुऊन दिले. एकानं विचारलं, "आप काम काय का वास्ते आया?" तेव्हा आठवलं.

बळवंतरावाबद्दल काही विचारलंच नाही. परत आलो. अक्काला एक ओढणी आणली, तरी रागावली.

आश्विन शुद्ध १०

दसरा. आणि हत्यार सापडलं! शस्त्रपूजेच्याच दिवशी!

सकाळी सोनं वाटायला निघालो. आमचा रस्ता — इकडली बाजू थोरल्यांची, तिकडली धाकट्यांची. इथं दोन राजे, दोन वाडे, दोन कचेऱ्या, दोन मिरवणुका. तात्या आणि यशवंतराव समोरासमोर राहतात. दोघे दारात सोनं घेऊन उभे, पण आधी रस्ता ओलांडणार कोण? मग नेहमीप्रमाणं दोघे एकदमच निघाले आणि मधोमध भेटले. मी हसत होतो, आणि एकदम डोक्यात लखकन वीज!

घाटात दरी एकाच अंगाला. धबधबा तिकडं, झाडी तिकडं, खोल नदी तिकडं. दुसऱ्या अंगाच्या खिडकीत नुसता कापलेला डोंगर. मी काय करायचो? जाताना थोरल्यांना दरीकडे बसवायचो. येताना काळाकुंडास आधी डब्यात चढून धाकट्यांना हाका — "यशवंतराव, इकडे या, तिकडं ऊन येतं!" कोणाला कधी कळलं नाही. म्हणून कधी भांडण नाही.

बळवंतरावाला हे ठाऊकच नाही! धारेत एक गादी, एक हत्ती, एक नगारा. दोनांत कसं जगायचं ते त्या बापड्याला काय माहीत!

मी सांगणार नाही. नुसता प्रवासी म्हणून जाईन, आणि गंमत बघेन.

मार्गशीर्ष वद्य ६

हाय रे दैवा.

त्यानं माणसं कशीही कोंबली. तात्या दरीकडे, यशवंतराव डोंगराकडे. येतानाही तेच! मी श्वास धरून बसलो. आता पेटेल, आता पेटेल—

धुकं! पाताळपाणीपासून काळाकुंडपर्यंत हात दिसेना. दरीही पांढरी, डोंगरही पांढरा. सगळ्यांना सारखंच काही दिसलं नाही. आणि वर बळवंतराव म्हणतो, "वाहवा! ढगांतून चाललो जणू!" आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तात्या मला म्हणाले, "बघ, किती टापटिपीनं आणलं."

खरं लिहू? बोगद्यात शिरताना मागल्या इंजिनाचा धूर धुक्यात शिरला, तेव्हा काहीतरी फार चांगलं वाटलं. पण त्याच्या सैलीत चांगलं वाटून घ्यायचं नाही, असं ठरवलंय. खिडकी लावून घेतली.

पौष शुद्ध २

त्याला ताप आला असं ऐकलं. फार काही नाही म्हणे. वाईट वाटलं.

फार काही नाही याचं.

माघ वद्य ११

पळस फुलायला लागला. फाल्गुनातली सैल ठरली. धुकं असणार नाही!

आज यशवंतरावांकडे बसलो. सहज म्हणालो, "काका, मागल्या खेपेस तुम्ही डोंगराकडे होतात, नाही?" ते म्हणाले, "असेन." मी म्हणालो, "नाही, जाताना आणि येतानाही." ते सुपारी कातरायची थांबले.

फाल्गुन शुद्ध ७

झालं!!

ऊन लख्ख. महू सुटलं तसा सगळा घाट पेटलेला — पळसच पळस, पान नाही, नुसता अंगार. इंदुरास बळवंतराव टोपल्या मोजत होता, तोवर मीच तात्यांच्या मंडळींना धरून चढवलं. "इकडे या तात्या, वारा लागेल." दरीकडली एकूण एक खिडकी थोरल्यांची! यशवंतरावांची मंडळी डोंगराकडे. जाताना सगळा डबा "अहाहा" करतोय, आणि यशवंतराव समोरच्या दगडाकडे बघतायत.

काळाकुंडास जेवणं झाली. परतीची गाडी लागली. पुन्हा तसंच केलं, तात्या दरीकडे. मग यशवंतरावांच्या कानाशी — "काका, येतानाही तेच. बळवंतरावांनी ठरवलेलं दिसतंय."

बस्स. काडी पडली.

"आम्ही काय डोंगराची माती बघायला आलो?" — यशवंतराव.

"बसलेल्या माणसाला उठवतात का?" — तात्या.

"बसलेला माणूस उठत नाही, म्हणून तर विचारतोय!"

बळवंतराव मधे. "अहो, खिडकी ती खिडकी, त्यात काय एवढं?" खिडकी ती खिडकी! देवासच्या माणसांना! दोन्ही बाजू त्याच्यावरच उलटल्या. यशवंतराव मंडळींसकट खाली उतरले आणि फलाटाच्या एका टोकाला जाऊन बसले. मला वाटलं तात्या आता ऐटीत बसून राहतील. छे! तेही उठले. "ते रुसले, मग आम्ही का बसायचं? रुसण्याचा मान काय त्यांना एकट्यांना?" उतरले, आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला.

बळवंतराव या टोकाकडून त्या टोकाकडे हात जोडत पळतोय. पागोटं सुटलेलं. गार्ड निशाण घेऊन आला. डब्यात मी एकटा.

"सब आ गए?"

मी खिडकीतून वाकून म्हणालो, "आ गए, आ गए, चलो!"

बळवंतरावानं ऐकलं. वळून बघितलं. त्याचं ते तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही!

सगळा डबा माझा, सगळी दरी माझी. या खिडकीतून त्या खिडकीत उड्या मारत आलो. मागलं इंजिन जीव खाऊन ढकलत होतं, ठिणग्या पळसात पडत होत्या, कुठलं फूल आणि कुठली ठिणगी कळत नव्हतं. ओरडलो. कोण ऐकणार होतं!

फाल्गुन शुद्ध ९

मंडळी दुसऱ्या दिवशी आली, दोन वेगळ्या गाड्यांनी. बळवंतराव कुठल्याच गाडीत नव्हता, नंतर एकटा आला. उमाशंकर चौकात त्याला म्हणाला, "कंई भिया, दोई गाडी चली गई?" आहाहा! लाडू वाटावेसे वाटले.

अक्का म्हणाली, "झालं समाधान?"

"झालं."

"मग असा येरझाऱ्या का घालतोस?"

बायकांना काय कळतंय.

फाल्गुन वद्य ४

आज भर बैठकीत उभा राहिलो. दोन्ही बाजूंची माणसं, मधे बळवंतराव मान खाली घालून. यापुढं सैल कोणी काढायची, हाच विषय. मी छाती काढून सांगितलं — "माझ्या वेळेस असं कधी झालं होतं का? का नाही झालं? मी युक्तीनं बसवत होतो. जाताना तात्यांची मंडळी दरीकडे, येताना यशवंतरावांची. दर खेपेस. चुकलो नाही एकदा!"

बळवंतरावानं मान वर करून बघितलं. जिंकलो!

यशवंतराव म्हणाले, "दर खेपेस जाताना ते?"

"हो."

"म्हणजे धबधबा आधी त्यांनी बघायचा? आणि आम्हांला उष्टा?"

मी म्हणालो, "काका, धबधबा उष्टा कसा होईल?" तात्या हसतील असं वाटलं. पण तात्यांच्या कपाळाला आठ्या. "थांबा. येताना चढ असतो. गाडी मुंगीच्या पायांनी चढते. म्हणजे यांना आम्ही दुप्पट वेळ दरी दाखवली?"

मग जे सुरू झालं! सूर्य डोक्यावर आला तरी चालू. मी मधूनच सटकलो. बाहेर एक गारुडी अजगर घेऊन आला होता, तो बघत बसलो. निकाल उद्या-परवा कळेल. माझ्याशिवाय आहे कोण त्यांना!

चैत्र शुद्ध १, शके १८३१

निकाल लागला. तात्या गुढीखाली उभे राहून म्हणाले, "गणपत, तू आमच्यातला. तू कसंही बसवलंस तरी ते म्हणणार आपल्यांचं केलं. त्यांच्यातला घेतला तर आम्ही म्हणणार." समोरच्या दारातून यशवंतराव मान डोलावून म्हणाले, "माणूस असा हवा, जो ना इकडला ना तिकडला."

म्हणून धारचा. बळवंतराव. कायमचा.

दोन्ही पाती एकमतानं! आजवर या गावात कोणाला जमलं नव्हतं — ते मी करून दाखवलं.