एका दमदार पापाच्या शोधात

९ मे १६३५. जहाजावर.

(मे हे मूर्तिपूजकांचं नाव, मार्चपासून मोजून 'तिसरा महिना' म्हणावं, असं ओबडाया प्रॅटचं मत. म्हणून मी मेच लिहिणार.)

इप्सविचचा किनारा दिसेनासा झाला. सगळे रडले. मी उलट्यांत होतो.

संकल्प: रोज या वहीत आत्मपरीक्षण. समुद्रापलीकडच्या वसाहतीत पोचल्यावर मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभासदांसमोर, उभं राहून साक्ष द्यायची असते. आपलं पाप कोणतं, देवानं त्यातून कसं ओढून काढलं. पटलं तर मंडळीत घेतात, आणि मंडळीत असेल त्यालाच गावात मत. नाही पटलं तर बसा बाहेर. मला काळजी नाही. हातमोजे शिवणारा नेहेमाया क्राउच कसा माणूस आहे, हे सगळं इप्सविच जाणतं.

१७ मे. रविवार.

पाद्री लडलो यांनी साक्षींचा सराव सुरू केला. पहिला नंबर प्रॅटचा. हा पिंपं बनवणारा. अकरा वर्षं दारू, कोंबड्यांच्या झुंजी, सासऱ्याला मारहाण. शेवटी स्वतःच बनवलेल्या बिअरच्या पिंपात डोक्यावर पडला आणि तिथे त्याला देव भेटला. अख्खं डेक रडलं. बायकोनं माझा रुमाल घेतला, तो ओलाचिंब परत दिला.

माणसानं एवढी पापं करावीत आणि वर कौतुकही व्हावं! मी जन्मभर सरळ वागलो, मी काय सांगू? हे मत्सरानं लिहीत नाही.

२४ मे.

माझी पाळी. सातव्या वर्षी शेजाऱ्याचं सफरचंद चोरलं होतं, ते सांगितलं. पाद्रींनी विचारलं, पुढे? म्हटलं, परत नेऊन ठेवलं. कुणीतरी खोकलं. एका म्हातारीला झोप लागली. प्रॅटनं उठून तिला आपला झगा पांघरला, आणि लोक तेच बघत बसले.

संकल्प: दमदार पाप शोधणे. शक्यतो प्रॅटपेक्षा मोठं.

३० मे.

रोजच्या स्तोत्राला सूर प्रॅट धरतो. तोही पाव सूर वर. मी रोज नीट कान देऊन ऐकतो.

२ जून.

जुनं पाप सापडत नाही, तेव्हा नवं करायचं ठरवलं. दारू. जहाजावरची बिअर आंबलेली. दोन मग प्यायलो, तिसरा हातात असताना झोप लागली. बायकोनं जोडे काढून ठेवले होते. देव वगैरे कुणी भेटला नाही. पोट बिघडलं.

५ जून.

शिव्या. एका खलाशाला माझ्याकडची सगळ्यात जहाल शिवी दिली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि ती नीट कशी द्यायची ते शिकवलं.

१९ जून.

तीन दिवस वादळ. पाण्याची पिंपं सुटून गडगडायला लागली. प्रॅट खाली उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहून दोन फुटकी पिंपं सांधली. नाहीतर प्यायला थेंब उरला नसता म्हणतात. म्हणोत बापडे. मी काही स्वस्थ बसलो नव्हतो. वर खांबाला मिठी मारून त्याला सूचना देत होतो. त्याचा कुणी उल्लेखसुद्धा केला नाही.

संकल्प: प्रॅटचं नाव या वहीत पुन्हा येणार नाही.

२० जून.

प्रॅटला कप्तानानं एक लिंबू बक्षीस दिलं.

६ जुलै.

हिरड्यांतून रक्त येतंय. बायकोच्याही. तिनं विचारलं, रोज एवढं काय लिहिता? म्हटलं, आत्मपरीक्षण. ती वहीकडे बघत राहिली.

प्रॅटनं ते लिंबू आम्हाला आणून दिलं, अर्धं मला, अर्धं तिला. खाल्लं. फार आंबट होतं. चांगुलपणाची एवढी हौस, तर सासऱ्याला बडवताना कुठे गेली होती?

११ ऑगस्ट.

जमीन दिसली. पहिल्यांदा प्रॅट ओरडला. मी आधीच बघितली होती, फक्त खात्री करून घेत होतो.

१९ सप्टेंबर. नव्या गावात.

उद्या साक्ष. बेत पक्का. प्रॅट बिअरच्या पिंपात पडला, मी वाइनच्या. त्याची अकरा वर्षं दारू, माझी चौदा. बायकोला काही सांगितलेलं नाही. ऐनवेळी ऐकलं की छान रडेल.

२० सप्टेंबर. रविवार. प्रार्थनागृहाच्या बाहेर, ओंडक्यावर बसून.

साक्ष झकास चालली होती. मी पिंपात पडलोसुद्धा. तेवढ्यात पाद्रींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, यांचं हे व्यसन कुणी पाहिलंय का? कुणीच पाहिलेलं नव्हतं. मग बायकोला उभं केलं. तिला खोटं बोलता येत नाही, ही तिची जुनी खोड. म्हणाली, "दोन मगांत झोपतात हो हे. तसे चांगले आहेत."

पुढच्या वर्षी या, म्हणाले. तर प्रॅट उठला माझी बाजू घ्यायला! म्हणे वादळात बंधू क्राउचच्या सूचनांचा फार उपयोग झाला. खोटारडा.

मी खाली बसलो. बायको उभीच राहिली. मलाही साक्ष द्यायची आहे, म्हणाली.

"माझं पाप मत्सर," ती म्हणाली. "मी यांची वही चोरून वाचली. पानोपानी बंधू प्रॅट. माझं नाव एकदाही नाही. तेरा आठवडे मी एका भल्या माणसाचा द्वेष केला. कारण माझा नवरा त्याच्याशिवाय कुणाकडे बघतच नाही."

सगळे रडले. प्रॅट सगळ्यांत जास्त. तिला एकमतानं मंडळीत घेतलं.

मत्सर! इतकं साधं पाप, आणि मला सुचलं नाही.

आत आता प्रभुभोजनाचा विधी चाललाय, पाव आणि वाइन वाटताहेत. मंडळीत नसलेल्यांनी बाहेर थांबायचं. बसल्या बसल्या वही पहिल्यापासून चाळली. तिचं नाव खरंच कुठे नाही. थॉमसिन. लिहून ठेवतो.

स्तोत्र सुरू झालं. प्रॅट नेहमीप्रमाणे पाव सूर वर. त्याच्या मागून एका बाईचा आवाज येतोय, स्वच्छ, अगदी सुरात. थॉमसिनचा आहे. जहाजावर ती रोज माझ्या शेजारी उभी राहून गात असणार. मी प्रॅट कुठे चुकतो ते ऐकत होतो.