माझी डावी मांडी आणि डॉ. व्हिटलॉक यांची उजवी

मी, डॉ. ब्रॉनिस्लावा मायेव्स्की, वय एकाहत्तर, राहणार बफेलो, न्यूयॉर्क राज्य, पूर्वीची शल्यचिकित्सक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझे हृदय बिघडले आहे, डोके नाही. राग तर अगदी ठणठणीत आहे. याआधी केलेली दोन मृत्युपत्रे मी स्वतः स्टोव्हमध्ये घातली, कारण ती फार सभ्य होती.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझी भाची टेस हिला द्यावी. माझी बहीण वारल्यापासून मीच तिला वाढवले. तिचा नवरा लिओनार्ड याला बर्फ उपसायचे फावडे द्यावे. दर हिवाळ्यात तो ‘मावशी, उद्या नक्की येतो’ म्हणत आला आहे. फावडे कोरे करकरीत आहे.

कलम २. वडिलांचा सॉसेज भरायचा लाकडी दांडा टेसलाच द्यावा, आणि तो काय आहे हे तिने मुलांना सांगावे. माझे वडील खाटीक होते. सुरी कशी धरायची हे मी वैद्यकीय महाविद्यालयात नव्हे, त्यांच्या ओट्यावर शिकले. न चेपणारी कापडी धमनी सुचली तीही तिथेच. फुटलेल्या धमनीच्या जागी आम्ही प्रयोगशाळेत कुत्र्यांना कापडाची नळी शिवत असू, पण कुत्र्याने पाय दुमडला की नळी चेपायची आणि कुत्रा मरायचा. किती कुत्री मेली ते लिहीत नाही. प्रयोगशाळेच्या छतावर रक्ताचे डाग असत आणि ते पुसायला कोणी वर चढत नसे. एका ईस्टरला वडिलांना सॉसेजसाठी आतड्याच्या आवरणात खिमा भरताना पाहिले आणि लक्षात आले की दांड्यावर चढवून चुण्या पडलेले आवरण वाकते, पण चेपत नाही. मी नायलॉनची नळी त्याच दांड्यावर चढवली, दोऱ्याने आवळून चुण्या पाडल्या आणि दुकानातल्या लाल दोऱ्याने शिवली. लाल दोऱ्याची नळी ती एकच. पुढच्या सगळ्या पांढऱ्या रेशमाने शिवल्या.

कलम ३. माझा देह. पुरण्यापूर्वी माझी डावी मांडी उघडावी. ती लाल शिवणीची नळी आत आहे. ती काढून काचेच्या बरणीत घालावी आणि रुग्णालयाच्या संग्रहालयात डॉ. ॲम्ब्रोज व्हिटलॉक यांच्या सुवर्णपदकाशेजारी ठेवावी.

हे का, ते आता लिहिते. आमच्या प्रयोगशाळेचा रिवाज होता की नवी वस्तू रुग्णाला घालण्याआधी ती करणाऱ्याने स्वतःला घालून घ्यायची. नळी माझी, म्हणून मांडी माझी. व्हिटलॉक माझा कामातला जोडीदार. त्याने कमरेत टोचून माझे खालचे अंग बधिर केले आणि मांडी कापली. मी वरच्या आरशात बघत होते.

“टाका बारीक घाल रे, गोणपाट शिवतोयस का?” मी ओरडले.

“गप्प पडून राहा, ब्रॉनी. नाहीतर तोंडही शिवेन.”

टाके त्याने उत्तम घातले, हे मी नाकारत नाही. आजही त्या नळीतून रक्त वाहते आहे. शोधनिबंध मी लिहिला. नळीचे छायाचित्र लाल शिवणीसकट छापले, पण पहिला रुग्ण कोण ते लिहिले नाही. रुग्णाचे नाव छापायचे नसते, मग तो रुग्ण डॉक्टर का असेना. आमच्या धंद्यातली ही सभ्यता मला नडली.

नळी पहिल्यांदा स्वतःच्या अंगात घालून घेणाऱ्या डॉक्टरला सुवर्णपदक दिल्याची तार आली त्या सकाळी आम्ही दोघेच प्रयोगशाळेत होतो. तारेत एकच नाव होते, त्याचे.

“त्यांनी विचारलं, पहिला रुग्ण कोण? मी म्हटलं, मी,” व्हिटलॉक म्हणाला. “अगं, बाईच्या मांडीला पदक देतात का कोणी?”

“मग तुझी मांडी दाखव ना. व्रण कुठाय?”

“कोण बघणार आहे?”

मी तार ओढायला गेले. त्याने माझे मनगट धरून हात कपाटात कोंबला आणि लोखंडी दार त्यावर आपटले. मी किंचाळले, तेव्हा पुन्हा आपटले. उजव्या हाताची बोटे मोडल्याचा आवाज मी ऐकला. कुठले हाड गेले तेही कळले, कारण हाडांचीच परीक्षा मी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले होते. त्या हाताने मी पुन्हा कधी शस्त्रक्रिया केली नाही.

डाव्या हाताशी ट्रेमधली सुरी आली. ती मी त्याच्या उजव्या मांडीत हाडापर्यंत घातली आणि पिळली. पाते तुटले. रक्त पार भिंतीपर्यंत उडाले. तो कोसळला आणि माझा झगा धरून रडू लागला, “ब्रॉनी, मरतोय गं मी! शिव, शिव लवकर!”

मी त्याच्या जांघेवर गुडघा रोवला, डाव्या हाताने आणि दातांनी गाठी मारल्या आणि त्याला वाचवले. माझा बाप खाटीक होता, मी नव्हते. पात्याचे टोक मात्र मी मुद्दाम आत ठेवले.

मी शिवलेल्या त्याच जखमेचा व्रण त्याने पुढे पँट खाली करून वार्ताहरांना दाखवला! मी अधिष्ठात्यांकडे गेले, तर ते म्हणाले, “डॉक्टरीणबाई, नळी तुमच्याही मांडीत असेल. पण तुम्ही दुसऱ्या. पहिली लाल नळी त्यांच्याकडे आहे. तुम्ही काय मांडी उघडून दाखवणार?”

“मेल्यावर दाखवीन,” मी म्हटले. ते हसले.

त्याच्या पायाचा एक्स-रे मी मागू शकत होते. पण टोक निघाले असते तर मी तुरुंगात गेले असते, आणि टेस तेव्हा शाळेत जात होती. मी शरीरशास्त्र शिकवत बसले. तो व्यासपीठांवर लंगडत राहिला. आता टेसला नातवंडे आहेत आणि मेलेल्या बाईला कोणी बेड्या घालत नाही.

कलम ४. सुरीची मूठ, उरलेल्या पात्यासह, बरणीजवळ ठेवावी. खाली पाटी लावावी: ‘टोक डॉ. व्हिटलॉक यांच्या उजव्या मांडीत आहे.’ ते म्हणतील, टोक नाही, नळी आहे. मग त्यांनी सर्वांसमक्ष एक्स-रे काढावा. गेल्या वर्षी बर्फावर घसरून पडले तेव्हा त्यांनी यंत्राजवळ जायलाही नकार दिला होता.

कलम ५. व्हिटलॉक माझ्या अंत्यविधीला आल्यास त्यांना पुढच्या रांगेत बसवावे आणि कलम ३ मोठ्याने वाचावे. मी त्यांना क्षमा केलेली नाही. आमच्या पाद्रीबाबांनी मला यावरून फार छळले. त्यांना माझी छत्री द्यावी.

वकील म्हणाले, “बाई, मृत्युपत्रात असलं काही लिहीत नाहीत.” मी म्हटले, “मी लिहिते आहे ना?”

वरील मजकूर मी डाव्या हाताने लिहिला. तो वाकडा आहे, पण माझा आहे.

बफेलो, ११ फेब्रुवारी १९८६
ब्रॉनिस्लावा मायेव्स्की

साक्षीदार १: यूजीन प्रॉक्टर, वकील. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकुराची जबाबदारी माझी नाही.

साक्षीदार २: ग्वेंडोलिन हार्ट, पूर्वाश्रमीची मिसेस व्हिटलॉक. सही माझ्यासमोर झाली. आणखी एक. ॲम्ब्रोजशी माझा संसार एकवीस वर्षे झाला. थंडीत त्याची मांडी ठणकायची आणि ती मीच चोळून देत असे. कातडीखाली काहीतरी बोटाला टोचायचे. तो म्हणायचा, ती नळी आहे. कापड टोचत नाही.