प्रस्थानाचा शिक्का

६ मे, मंगळवार
नागरिकत्वाचा अर्ज निळ्या शाईतच भरावा असा नियम आहे, आणि या बेटाएवढ्या देशात निळं पेन नाही. चहूबाजूंना क्षितिजापर्यंत निळं पाणी, वर निळं आकाश, आणि सहकारी दुकानात फक्त काळी पेनं. पुढचं जहाज जूनच्या मध्याला. ज्या राष्ट्रावर विधात्याने निळ्याची अशी लयलूट केली, त्याने शाईपाशीच हात आखडावा, हे अनाकलनीय आहे. निषेध नोंदवतो. काळ्या शाईत.

८ मे
अटींची उजळणी केली. सात वर्षांचं वास्तव्य हवं. माझी अकरा झाली. सभागृहात वृद्धांसमोर त्यांच्या भाषेत भाषण करून त्यांची संमती घ्यायची. ज्याने पाठशाळेत छड्या खाऊन संस्कृतची रूपं पाठ केली, त्याला हे किरकोळ आहे. शेवटची अट, अर्जाआधीचं अख्खं वर्ष देशाबाहेर पाऊल नाही. ३० जूनला वर्ष भरतं. बेट सायकलवरून चाळीस मिनिटांत संपतं, त्यामुळे पाऊल आवरायला मोठी तपश्चर्या लागत नाही.
संध्याकाळी फिजीहून, आमच्या लंबासाच्या घरून विद्यावतीचा फोन. माई पुन्हा पडली. कंबर धरली आहे. भैया, एकदा येऊन जा, म्हणाली. बहिणीला नियम नीट समजावला. तिने फोन ठेवला. समजला असावा.

११ मे, रविवार
संकल्प: उद्यापासून रोज पहाटे भाषणाचा सराव.

१४ मे
सराव झाला नाही. मासळीबाजारातलं बर्फाचं मशीन बिघडलं. मी नसतो तर या देशातले मासे कधीच कुजले असते, हे सरकारच्या ध्यानात आहे की नाही कोण जाणे. इथे मला सगळे बर्फवाला म्हणतात. शिवप्रताप फक्त पासपोर्टात उरला आहे. अर्जात ‘अन्य नावे’ असा रकाना आहे. तिथे बर्फवाला लिहावं का?

१७ मे
भाषण केलं, सरावाविना. अप्रतिम झालं. वृद्ध डोळे मिटून ऐकत होते. दोघे तर इतके तल्लीन झाले की घोरू लागले. शेवटी त्यांतले थोरले लोतोतेले म्हणाले की बर्फवाला बोलला छान, पण आमच्याकडे माणूस उभा राहिला की आधी आईचं गाव सांगतो, मग आपलं नाव. हा अर्धा तास स्वतःबद्दलच बोलला. सगळे हसले. मीही हसलो. संमती मिळाली.

१९ मे
विद्यावतीचा फोन. घेतला नाही. बर्फाची वेळ होती.

२२ मे, गुरुवार
बाजारातल्या मोएआवाचं कुटुंब कायमचं न्यूझीलंडला गेलं. निरोपाला निम्मा देश धावपट्टीवर. इथली रीत फार चांगली: जाणाऱ्यांनी रडावं, गळाभेटी घ्याव्यात, पासपोर्ट विणलेल्या टोपलीत टाकावेत, अधिकारी शिक्के मारून टोपली परत देतो. अधिकारी म्हणजे माझा शेजारी सिआउतेले. अकरा महिने मी देश सोडलेला नाही हे त्याला एकदा प्रत्यक्ष दाखवावं, म्हणून मीही माझा पासपोर्ट टोपलीत ठेवला. तो मी कायम खिशात बाळगतो. शेजाऱ्याला अभिमान वाटेल.

२३ मे
पासपोर्ट उघडला. प्रस्थानाचा शिक्का. कालची तारीख.
सिआउतेलेकडे गेलो. तो म्हणाला, टोपलीतले मोजून मारतो, वाचत नाही. खोड म्हटलं, तर सरकारी शिक्का खोडणं हा गुन्हा आहे म्हणाला. मग आगमनाचा मार म्हटलं. तो फक्त विमानातून उतरणाऱ्यालाच मिळतो. म्हणजे परत यायचं तर आधी जावं लागेल, आणि गेलो तर वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्याला तर्कदोष दाखवून दिला. त्याने मला नारळ दिला.

२६ मे
मंत्रालयात गेलो. खिडकीवरच्या बाई अत्यंत नम्र. माझा अर्ज माझ्या हातून घ्यायला त्या तयार नाहीत, कारण मी देशात नाही. मग तुम्ही बोलताय कुणाशी, असं विचारलं. त्या म्हणाल्या, बर्फवाल्याशी.

२८ मे
गोष्ट बेटभर झाली. सभागृहात मासळीचे वाटे पडत होते, तेव्हा लोतोतेलेंनी विचारलं, गेलेल्याचा वाटा कुणाला द्यायचा? कुणी म्हणे डुकरांना. शेवटी मलाच दिला, पण गेलेला परत येईपर्यंत सांभाळ असं बजावून. या लोकांना विनोदबुद्धी कमी आहे.
वरिष्ठांना निवेदन लिहायचं ठरवलं. संस्कृत सुभाषिताने सुरुवात करावी. निळं पेन नाही.

२ जून
विद्यावतीशी बोलणं झालं. माई दोन दिवस जेवलेली नाही. मी शिक्क्याची सगळी हकीकत सांगितली, हसू येईल म्हणून. ती म्हणाली, “भैया, म्हणजे आता तुला अडवणारं काहीच नाही.”
आवाज नीट येत नाही, असं सांगून फोन ठेवला.

३ जून
सिआउतेले कुंपणाशी आला. त्याच्या बायकोचं आणि विद्यावतीचं परस्पर बोलणं होतं, हे मला आज कळलं. गुरुवारी फिजीला, सुवाला जाणाऱ्या विमानात जागा आहे, त्याने माझ्या नावाने धरून ठेवली आहे. म्हणाला, “कागदावर तू गेलाच आहेस. आता पायाने जा.”
जाणार. ठरलं. बॅग काढली.

४ जून
बॅगेत दोन शर्ट. माईसाठी इथलं काय न्यावं, सुचत नाही. बर्फ नेता येत नाही. शिवाय मशीनचा पट्टा सैल वाटतो. बूट चावतात.

५ जून, गुरुवार
विमान येत असल्याचा सायरन झाला, पोरींनी धावपट्टीवरची व्हॉलीबॉलची जाळी काढली, विमान उतरलं. मी बाजारात पट्टा घट्ट करत होतो. विमान गेलं, एक जागा रिकामी घेऊन. सिआउतेले नंतर आला. नारळ देऊन गेला, याचाच त्रास झाला.

पट्टा सैल नव्हता.

एप्रिलमध्ये एकदा फोन माईने स्वतः उचलला होता. ते इथे लिहिलं नाही. मी बोलू लागलो, तर तिने फार आदराने विचारलं, “आपण कोण?” मग मलाच सांगत बसली, की तिचा मुलगा लांबच्या बेटावर मोठा माणूस आहे, त्याच्यावाचून तिथलं काही चालत नाही, म्हणून बिचाऱ्याला येता येत नाही. मी म्हटलं, असं का.

नियमामुळे जात नाही, असं वर्षभर लिहीत आलो. नियम नसता तरी गेलो नसतो. मी लंबासाच्या दारात उभा राहीन, ती पुन्हा तसंच विचारील, आणि मला उत्तर द्यावं लागेल. मला त्याची भीती वाटते.