खिडकीजवळची खुर्ची

सोमवार, ता. ९

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. वाचनालयाच्या तुमच्या शाखेतल्या सगळ्यांनी वेबवरच्या नव्या गोष्टी शिकाव्यात, हे काम माझ्याकडे आलं. मी शिकवायचं नाही, आठवड्याला एक गोष्ट द्यायची आणि ती प्रत्येकाने आपली आपण शोधायची, असं ठरलं.
२. छायाचित्रांच्या आठवड्यात तू वेबवर शाखेचं पान सुरू केलंस. रंग काढून टाकायचं बटण तुला सापडलं आणि इतकं आवडलं की सगळे फोटो कृष्णधवल केलेस.
३. पान कुणाला दिसावं हे ठरवायची सोय शोधणं पुढच्या आठवड्याचं काम होतं. तोवर ते सगळ्यांना दिसत होतं.
४. ‘एक वाचक’ या नावाने कुणीतरी खाली प्रश्न विचारू लागलं. तू प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलंस.

आज मी ते प्रश्न सलग वाचले. खिडकीजवळच्या खुर्चीवर ऊन कधी येतं? तिथे रोज कुणी बसतं का? मागचं दार संध्याकाळी उघडं असतं का? एकही प्रश्न पुस्तकाबद्दल नाही.

त्या खुर्चीत कोण बसतं हे तूच मला सांगितलं होतंस. घर सोडून आलेली बाई. नवऱ्याला आपला पत्ता लागू नये, म्हणून आपलं नाव मोठ्याने पुकारू नका, एवढंच तिने सभासद होताना मागितलं होतं. दोन फोटोंत तिचं कोपर आणि पिशवी आली आहे.

उत्तरं देणं थांबव. फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलतेस, म्हणून हे मुख्य वाचनालयातून तुमच्याकडे येणाऱ्या पुस्तकांच्या गाडीबरोबर पाठवतेय.

बाबांचा खोकला कमी आहे. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
टाचणी

मंगळवार, ता. १०

चि. टाचणीस,
अ. आ.

पत्र वाचलं आणि हसू आलं. दोरी दिसली की साप म्हणून झोडपायची ही सवय तुला थेट तुझ्या बापाकडून आली आहे. त्याला म्हणावं खोकला अंगावर काढू नकोस.

अगं, बटण दाबून बघा, काही मोडत नाही, असं तूच सांगितलंस ना? आता दाबलं तर डोळे वटारतेस. आमच्या बाइंडरने परवा स्वतःच्या आवाजात गोष्ट ध्वनिमुद्रित केली आणि दिवसभर सगळ्यांना ऐकवून जीव नकोसा केला. त्याला नाही बरं तू काही बोललीस.

वाचकाचा प्रश्न त्याच दिवशी निकाली काढायचा, हे मी नोकरीला लागले तेव्हापासून पाळत आलेय. त्या गृहस्थांनी कधी कुणाचं नाव विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शब्दाला मी पक्की आहे. बोलणं किती अदबीचं! शुक्रवारी ते इकडून जाणार आहेत, थोडा वेळ बसू का, असं काल रात्री विचारत होते. त्या हिरव्या पिशवीवाल्या बाई शुक्रवारी असतात का, असंही. मी कळवलं, शुक्रवार त्या कधी चुकवत नाहीत. समोरची खुर्ची राखून ठेवली आहे, वर पाटीही ठेवली.

तिला अजून काही बोलले नाही. आपल्या कोपऱ्याचं कुणाला एवढं कौतुक आहे, हे तिला त्याच दिवशी कळू दे. बिचारी कधी हसताना दिसत नाही.

जेवणाच्या वेळा सांभाळ. येत जा, नुसती कागदावर टोचू नकोस.

तुझी,
आत्या

बुधवार, ता. ११

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यावर मी पानावरचे सगळे फोटो मोठे करून पाहिले. पिशवी दोन्ही ठिकाणी करडी दिसते. दुसरा रंग दिसणं शक्यच नाही, रंग तू काढून टाकले आहेस. ती हिरवी आहे हे तुला माहीत आहे, कारण ती रोज तुझ्यासमोर असते. त्याला ते फोटोतून कळलेलं नाही.

पान मी बंद केलं. त्याचा आता फार उपयोग नाही. त्याला वार, वेळ, दार आणि खुर्ची मिळाली आहे.

सकाळी मुख्य ग्रंथपालांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. पोलिसांचं म्हणणं, प्रश्न विचारणं हा काही गुन्हा होत नाही. तक्रार त्या बाईंनीच द्यायला हवी. म्हणजे आधी त्यांना कळायला हवं. तू मागे म्हणाली होतीस, त्यांचा पत्ता कुणाकडे नाही. त्या फक्त तुझ्यासमोर येतात. उद्या मला निघता येत नाही, आणि शुक्रवारी पहिल्या एसटीने निघाले तरी त्याआधीची एक संध्याकाळ फक्त तुझ्याकडे आहे.

उद्या त्या आल्या की आत तुझ्या खोलीत ने आणि सगळं सांग, तू काय काय कळवलंस तेही. येणं थांबवायचं की तक्रार करायची, हे त्यांना ठरवू दे. खुर्चीवरची पाटी काढ. पुढचं दोष देणंघेणं आपण दोघी घरी बसून करू. त्यात माझाही वाटा आहे.

वाचकाचा प्रश्न तू दुसऱ्या दिवसावर टाकत नाहीस. माझा एकच आहे. तिला सांगितलंस का? गुरुवारी संध्याकाळी परतणाऱ्या गाडीबरोबर उत्तर पाठव.

तुझी,
टाचणी