नंबर दोनचा इअरफोन खराब आहे

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी, भाजी निवडून झाल्यावर

आजपासून मी परीक्षक. इराने नेमलं. इरा म्हणजे माझी नात. कॉलेजात जाते आणि कानात घालायच्या वायरवाल्या इअरफोनबद्दल मोबाइलवर लिहिते. चार हजार लोक वाचतात म्हणे. आमच्या भजनी मंडळाला दत्तजयंतीला चाळीस येतात, त्यातले निम्मे प्रसादाला.

चार जोड दिलेत. चार छोट्या पिशव्या, त्यांवर एक ते चार नंबर चिकटवलेले. किमती सांगत नाही. म्हणाली, आजी, किंमत कळली की तू महागाला चांगलं म्हणशील. मी म्हटलं, बेटा, मी साडीला नुसता हात लावून भाव सांगते. ती म्हणाली, म्हणूनच. एवढंच कळलं की तीन जोड मध्यम आहेत, दोन-अडीच हजारांतले, आणि उरलेला एक चोर आहे. पाणीगेटच्या फुटपाथवरून तीनशेला आणून मुद्दाम मिसळलाय. चोर ओळखायचा. ओळखणारच.

नियम असे. एकच गाणं चारही जोडांवर ऐकायचं. आवाज सारखाच ठेवायचा. रबराची बोंडं कानात घट्ट बसवायची, सैल राहिली तर आवाज पातळ येतो. मी चौथी पास, पण हे मला पटकन कळलं. कुकरची रिंग सैल असली की शिटी होत नाही, तसंच.

गाणं मी निवडलं. कोजागिरीला नागरवाड्यात आमच्या मंडळाने दत्ताचं पद म्हटलं, ते इराने मधोमध माइक ठेवून रेकॉर्ड केलंय. त्यात पहिलं कडवं मी एकटी म्हणते, दुसरं मंडळातली नवी अहल्या, बाकी सगळ्या मिळून. इरा म्हणाली, दुसरं काही नको का, एखादं साधं? मी म्हटलं, जे आपल्याला आतून माहीत असतं तेच परीक्षेला घ्यावं. तिने तेच पद लावून दिलं. पटलं असणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नंबर एक ऐकला. पेटी बरी. तबला बरा. स आणि श आले की कानात चटका बसतो, फोडणीत मोहरी उडावी तसा. माझ्या कडव्यात आवाज जरा खाली बसल्यासारखा येतो. माझा आवाज खाली बसत नाही. म्हणजे इअरफोनच बसका. शेरा: मध्यम.

दुपारी वसुंधराबाईंचा फोन. बाई शाळेत गाणं शिकवायच्या, आता आमचं मंडळ सांभाळतात. म्हणाल्या, प्रेमलाताई, यंदा दत्तजयंतीला स्टेजवर तीन मंडळं आहेत, वेळ कमी, एकटीचं कडवं एकच ठेवायचं. कोणी म्हणायचं ते वीस तारखेला तेच रेकॉर्डिंग ऐकून ठरवते. मी म्हटलं, ठरवा की. बावीस वर्षं मीच म्हणते. विचारायचा एक शिरस्ता असतो, बाई पाळतात.

अहल्या येऊन सहा महिने झाले. सावली गावच्या कारखान्यात नोकरी, रोज बसने जाते-येते. गळा गोड आहे पोरीचा. पण गोड म्हणजे गाणं नव्हे. श्रीखंडही गोड असतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नंबर दोन. फारच खराब.

आधी वाटलं छान आहे. सगळं वेगवेगळं ऐकू येतं. कोणाच्या बांगड्या कुठे वाजल्या, पेटीचा भाता कसा श्वास घेतो, मंडळातल्या चिमणाबाईंनी खोकला कसा दाबला. डोळे मिटून सांगावं कोण कुठल्या सतरंजीवर बसलंय. माझं कडवं सुरू व्हायच्या आधी फत्तेसिंहराव, आमचे तबलेवाले, हळूच म्हणतात, चला, सांभाळा. आजवर हे ऐकूच आलं नव्हतं. केवढा आदर. आता प्रेमलाबाई गाणार, तर सगळ्यांनी आपापलं नीट सांभाळा.

आणि मग माझं कडवं. काय केलंय या इअरफोनने. वरच्या सुराला मी जाते आणि दारातूनच परत येते. कढी फुटावी तसा आवाज. तीनदा ऐकलं. बोंडं बदलून ऐकलं. तेच.

अहल्याचं कडवं मात्र जसंच्या तसं. याचंही कारण सापडलं. तिचा आवाज बारीक आहे, त्याला इअरफोन काय बिघडवणार. माझा भारदस्त. तो पेलवत नाही. पितळी घंटा प्लॅस्टिकच्या डब्यात घातल्यासारखं होतं.

शेरा: हाच चोर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी

खात्रीसाठी नंबर दोन ह्यांच्या कानात घातला. हे रिफायनरीतून रिटायर झाले, यंत्रांची पारख आहे. माझ्या गाण्याचीही आहे. मी रियाजाला बसले की उठून गच्चीत झाडांना पाणी घालतात, मन भरून येतं त्यांचं. मागच्या वर्षी दोन तुळशी पाण्याने कुजल्या.

हे ऐकत बसले. माझं कडवं आलं तसे इअरफोन काढून ठेवले. म्हणाले, उत्तम आहे, अगदी समोर बसून गातेस असं वाटतं. मग गच्चीत गेले.

ह्यांचं वय झालं. कान पूर्वीचे राहिले नाहीत.

१० नोव्हेंबर, सोमवार

नंबर तीन. बरा. माझा आवाज एकपेक्षा सुरात. थोडा धूसर येतो, सकाळच्या काचेसारखा, पण सुरात. शेरा: चांगला.

इअरफोन लावून दारात लसूण सोलत बसले होते. समोरच्या हंसाबेन विचारतात, प्रेमलाबेन, तबियत तो सारी छे ने? मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले असं त्यांना वाटलं. मी सांगितलं, परीक्षण चालू आहे. त्यांनी लीलो चेवडो, बटाट्याचा ओला चिवडा, आणून दिला. परीक्षण चालू असताना चेवडा खाता येत नाही हे कोणी सांगितलं नव्हतं. जबड्याचाच आवाज येतो. सगळं परत ऐकावं लागलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडला. नंबर चार.

काय आवाज. तबला तर छातीत वाजतो. आणि माझं कडवं, मी स्वतः ऐकत राहिले. गोल, भरलेलं, मोठ्या रांजणात तोंड घालून गावं तसं. वरचा सूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळत नाही. यालाच तयारी म्हणतात. बांगड्या, खोकले, फत्तेसिंहरावांचं बोलणं, फालतू काही ऐकू येत नाही. शेरा: सर्वोत्तम.

माझी यादी: पहिला चार, दुसरा तीन, तिसरा एक, शेवटचा दोन. कागदावर लिहून सही करून इराला दिली. तिने दोनदा वाचली. म्हणाली, आजी, नक्की? म्हटलं, देवापुढे सांगते. तोंड वळवून पाणी प्यायला गेली. फार वेळ पीत होती.

आणि मला सुचलं. वसुंधराबाई रेकॉर्डिंग कशावर ऐकणार? त्यांच्याकडे मुलाने दिलेले कसलेसे भारी हेडफोन आहेत. तेही नंबर दोनसारखेच निघाले तर? निर्णय चुकीचा होईल आणि बाईंना पुढे वाईट वाटेल. चांगल्या यंत्रावर ऐकतील तरच न्याय होईल. वीस तारखेला नंबर चार मीच घेऊन जाणार. यात माझा काही स्वार्थ नाही. उलट अहल्याचाही आवाज सुधारेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाईंकडे गेले. भाखरवडी नेली. अहल्याही होती, कारखान्यातून थेट आलेली, डबा मांडीवर. मी प्रेमाने विचारलं, दमलीस का गं. म्हणाली, नाही काकू, बसमध्ये झोप झाली.

नंबर चार बाईंना दिला. त्यांनी लावला, ऐकला, बोंडं काढून पाहिली, परत लावला. शेवटी म्हणाल्या, प्रेमलाताई, यात तुम्ही आणि अहल्या सारख्याच वाटता. मी खूश. म्हणजे अहल्या माझ्या पातळीला आली. तसं बोलूनही दाखवलं.

बाई पुढे म्हणाल्या, यात मीही तुमच्यासारखीच वाटते, आणि चिमणाबाईही, आणि पेटीसुद्धा.

मग त्यांनी कपाटातून आपले हेडफोन काढले. मी म्हटलं, बाई, त्याने कानाला त्रास होईल. त्या म्हणाल्या, चालेल, सवय आहे. डोळे मिटून पूर्ण पद ऐकलं. माझ्या कडव्याला त्यांच्या कपाळावर आठी आली. त्रास होणार हे मी सांगितलंच होतं.

निकाल उद्या कळवते म्हणाल्या. भाखरवडी सगळी अहल्याने खाल्ली. भूक लागली असेल बिचारीला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बाईंचा फोन आला. कडवं अहल्याला.

ठीक आहे. तरुणांना पुढे आणायचं असतं. मीही हेच सुचवणार होते.

पण बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्यासारखे कान मंडळात कोणाचे नाहीत, इराने सांगितलं. दत्तजयंतीला तुम्ही तिच्या रेकॉर्डिंगच्या मशीनपाशी बसा, लाइव्ह ऐका, आणि कोण कुठे चुकतं ते लिहून ठेवा. म्हणजे बढती. गाणाऱ्या पंधरा, पारखणारी एक. मी विचारलं, मग समूहात गायचं नाही? बाई म्हणाल्या, दोन्ही कसं जमणार, प्रेमलाताई.

तेही खरंच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

इराने लिहिलेलं आज वाचून दाखवलं. पहिला नंबर दोन, दुसरा एक, तिसरा तीन. नंबर चार फुटपाथवरचा. तोच चोर. मी म्हटलं, बेटा, तू माझी यादी उलटी लावलीस. ती म्हणाली, हो आजी, मशीनवर मोजून पाहिलं, तुझी यादी तंतोतंत बरोबर आहे, फक्त खालून वाचायची. एक जागासुद्धा चुकली नाहीस. तुझे कान म्हणजे कमाल आहेत.

यादी कुठून वाचायची हे ज्याच्या त्याच्या पद्धतीवर आहे. कान बरोबर, हे मान्य झालं. हंसाबेनला सांगितलं. त्या म्हणाल्या, सरस.

पण खालून का वाचायची ते मी इराला विचारलं नाही. कढी उतू जात होती.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती. संध्याकाळी, कार्यक्रमावरून आल्यावर

मशीनपाशी बसले. नवी जांभळी साडी टेबलामागे कोणाला दिसली नाही.

इराने नंबर दोन दिला. मी बोंडं नीट बसवली. कागद-पेन घेतलं, तीन रकाने आखले: कोण, कुठे, किती. मला मुळात एकच आवाज पकडायचा होता. बावीस वर्षं आमच्यात कोणीतरी एक सूर खाली ओढतं. मला दरवेळी जाणवतं. माझा संशय चिमणाबाईंवर.

पद सुरू झालं. चिमणाबाई सुरात. मागची ओळ सुरात. फत्तेसिंहराव चक्क हसत वाजवत होते, कोणाला सांभाळा म्हणाले नाहीत. अहल्याचं कडवं आलं. वरच्या सुराला गेली आणि तिथे थांबली. घाई नाही, काही नाही. मग सगळ्यांनी पद उचललं तेव्हा पंधरा गळ्यांचा एकच आवाज होता. असं आमचं मंडळ मी कधी ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार, मी त्यात असायची.

पद संपलं तरी मी वायर काढली नाही. टाळ्याही फार स्वच्छ ऐकू आल्या. पहिल्या रांगेत हे जोरात वाजवत होते.

कागद कोरा होता. बाईंनी मागितला तेव्हा तसाच दिला. त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला, म्हणाल्या, आभारी आहे, प्रेमलाताई. अहल्या पाया पडली. तिला म्हटलं, छान गायलीस. प्रसाद दिला.

घरी येताना रिक्षात इराला म्हटलं, माझ्या यादीत नंबर दोन वर घे.

ती म्हणाली, आजी, तो वरच आहे. केव्हाचा.